ट्रॉलीच्या मागचा लाल दिवा

ऊसतोडणीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. या काळात अहिल्यानगर जिल्ह्यातील (२०२४ पर्यंतचा अहमदनगर) रस्ते ऊसवाहतुकीने गजबजून जातात. देशातील सहकारी साखर कारखानदारीचा पाया १९५० साली याच जिल्ह्यात, प्रवरानगर येथे, विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने घातला गेला. पुढे कोपरगाव, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे अशा अनेक तालुक्यांत कारखाने उभे राहिले. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर त्यातील साखर घटते. त्यामुळे वाहतूक रात्रीही थांबत नाही.

एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर उंच रचलेला ऊस आणि ताशी जेमतेम १५-२० किलोमीटर वेग असे हे वाहन असते. त्याच्या मागचा लाल दिवा पुष्कळदा बंद असतो, कधी उसाच्या मोळ्यांआड झाकलेला असतो, तर कधी इतका मंद असतो की असून नसल्यासारखाच. अशा ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळल्याच्या बातम्या दर हंगामात वाचायला मिळतात. आपल्या शाळांतील मुले-मुली आणि त्यांचे पालक याच रस्त्यांनी जा-ये करतात. तेव्हा हा दिवा का लागत नाही, हा प्रश्न विज्ञानाच्या तासाला घेण्याजोगा आहे. त्याच्या उत्तरासाठी लागणारे सारे विज्ञान दहावीच्या पुस्तकात असते.

अंतराचा हिशेब

दिवा किती लांबून दिसला पाहिजे? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा. हा आकडा कशासाठी, ते गणिताने पाहू.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत माणसाला साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्यात वाहन २५ मीटर पुढे जाते. ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होतो असे धरले, तर थांबेपर्यंत आणखी २८ मीटर लागतात. एकूण ५३ मीटर झाले. आता डिपरच्या उजेडात साधारण ४० मीटरपलीकडची काळपट वस्तू क्वचितच ओळखू येते. ट्रॉली पुढे सरकत असेल तर थोडी सवड मिळते. पंक्चर होऊन उभी असेल तर तीही नाही. दिवा लागलेला असेल तर मात्र १५५ मीटर कापायला ९ सेकंदांहून अधिक वेळ हाताशी असतो. जीव वाचायला तेवढा पुरतो.

सात पिना, सात तारा

ट्रॉलीला स्वतःची बॅटरी नसते. तिच्या दिव्यांना वीज ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून येते. ट्रॅक्टरच्या मागे एक गोल सॉकेट असते, त्यात ट्रॉलीच्या केबलचा प्लग बसतो. त्यात सात पिना असतात. त्यांची वाटणी आयएसओ १७२४ या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार अशी आहे :

पिन १, पिवळी तार : डावा इंडिकेटर.
पिन २, निळी तार : जादा दिवा, उदाहरणार्थ धुक्यातील मागचा दिवा.
पिन ३, पांढरी तार : अर्थ, म्हणजे परतीची तार.
पिन ४, हिरवी तार : उजवा इंडिकेटर.
पिन ५, तपकिरी तार : उजवा टेलदिवा.
पिन ६, लाल तार : ब्रेकचे दिवे.
पिन ७, काळी तार : डावा टेलदिवा.

यात एक गंमत ध्यानात घ्यावी. घरातील जुन्या वायरिंगमध्ये काळी तार परतीची, म्हणजे न्यूट्रल असते. इथे परतीची तार पांढरी आहे आणि काळी तार दिव्याकडे जाणारी आहे. सवयीने काळी तार सांगाड्याला जोडली, तर टेलदिवा लावताच सरळ शॉर्टसर्किट होते. शिवाय गावोगाव बांधलेल्या ट्रॉल्यांत हाती लागेल त्या रंगाची तार वापरलेली असते. म्हणून रंगावर विसंबू नये, प्रत्येक तार तपासूनच जोडावी.

टेल आणि ब्रेक यांचा बल्ब बहुधा एकच असतो. त्याच्या काचेत दोन तंतू असतात, एक ५ वॅटचा आणि दुसरा २१ वॅटचा. ५ वॅटचा तंतू रात्रभर जळतो, २१ वॅटचा ब्रेक दाबल्यावर उजळतो. दोन्ही तंतूंचे एक-एक टोक बल्बच्या पितळी अंगाला जोडलेले असते. दोघांची परतीची वाट एकच आहे, हे पुढे कामाला येणार आहे.

परतीची वाट

विद्युतधारा वाहण्यासाठी परिपथ पूर्ण असावा लागतो, हे विद्यार्थ्यांना पाठ असते. पण ट्रॉलीच्या दिव्याला एकच तार गेलेली दिसते. मग धारा परत येते कोठून?

ती येते लोखंडी सांगाड्यातून. बॅटरीचे ऋण टोक ट्रॅक्टरच्या सांगाड्याला जोडलेले असते. दिव्याचे अंग ट्रॉलीच्या सांगाड्याला टेकते. एक तार वाचते, म्हणून वाहनांत ही पद्धत रूढ झाली. सांगाड्याला मेकॅनिक ‘अर्थ’ म्हणतात, आणि इथेच विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो. घरातील अर्थिंगची तार खरोखर जमिनीत पुरलेल्या पट्टीपर्यंत जाते आणि सर्व ठीक असताना तिच्यातून धारा वाहत नाही. वाहनाचा ‘अर्थ’ जमिनीला टेकतही नाही, कारण मध्ये रबरी टायर आहेत. त्यातून मात्र सर्व दिव्यांची धारा सतत वाहत असते. नाव एकच, कामे दोन.

एकाच वाहनाच्या सांगाड्यात ही सोय ठीक चालते. ट्रॉली हे मात्र वेगळे वाहन आहे. तिची दांडी ट्रॅक्टरच्या हुकात पिनेने अडकवलेली असते. तिथे गंज, ग्रीस, रंगाचा थर आणि चिखल असतो. खड्ड्यात हिसका बसला की पीन क्षणभर सुटते आणि पुन्हा टेकते. परतीची पांढरी तार जोडायची राहिली असेल, तर सर्व दिव्यांची धारा या हुकातूनच परतते. दिवे लुकलुकतात ते म्हणून. दोन ट्रॉल्या असल्या की असे दोन हुक झाले. शेवटच्या दिव्याची, म्हणजे सर्वांत गरजेच्या दिव्याची, परतीची वाट सर्वांत वाईट असते.

आता हुकातून वाट पूर्ण तुटली तर काय होईल? दिवे विझतील, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात त्याहून विचित्र प्रकार दिसतो. दिव्यांचे बटण बंद असताना चालक ब्रेक दाबतो. ब्रेकचा दिवा लागत नाही, उलट टेलदिवे अंधुक उजळतात, आणि ट्रॅक्टरचे स्वतःचे टेलदिवेही मिणमिणतात!

याचे कारण असे. धारा लाल तारेने येऊन २१ वॅटच्या तंतूतून बल्बच्या अंगापर्यंत पोचते. तिथून सांगाड्याची वाट बंद आहे. पण त्याच अंगाला ५ वॅटचा तंतूही जोडलेला आहे. धारा त्यातून उलटी चढते, टेलच्या तारेने ट्रॅक्टरपर्यंत जाते आणि ट्रॅक्टरच्या टेलदिव्यांतून तेथील सांगाड्यात उतरते. तीन तंतू एकसर जोडणीत आले. एकसर जोडणीत धारा सारखी असते आणि ज्याचा रोध जास्त त्याच्या वाट्याला विभवांतर जास्त येते. १२ व्होल्टवर पूर्ण उजळलेल्या २१ वॅटच्या तंतूचा रोध सुमारे ७ ओहम असतो, ५ वॅटच्या तंतूचा सुमारे २९ ओहम. म्हणून ५ वॅटचे तंतू थोडे उजळतात आणि २१ वॅटचा काळाच राहतो. एक दिवा लावल्यावर भलताच दिवा उजळला, तर बल्ब बदलण्याआधी परतीची तार तपासावी.

बारा व्होल्टची महागाई

दुसरे कारण तारेच्या जाडीत आहे. ५ वॅटचा दिवा घरातील २३० व्होल्टवर ०.०२ अँपिअर धारा घेतो. तेवढ्याच शक्तीचा १२ व्होल्टचा दिवा ०.४२ अँपिअर घेतो, म्हणजे सुमारे १९ पट. विभवांतर कमी असल्याने शॉकची भीती नाही, पण तीच शक्ती पोचवायला धारा जास्त लागते आणि जास्त धारेला जाड तार लागते. शिवाय २३० व्होल्टमधून एक व्होल्ट वाटेत गळाला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. १२ मधून एक गेला तर बारावा हिस्सा गेला.

प्रत्यक्ष आकडे घेऊ. बॅटरीपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या शेपटापर्यंत तार सुमारे १५ मीटर धरू. तिथे ब्रेकचे दोन दिवे आहेत, म्हणजे ४२ वॅट आणि ३.५ अँपिअर. स्वस्तातली ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातली, तर तिचा रोध दर मीटरला ०.०३४ ओहम असतो. जाण्याची १५ आणि परतीची १५ मिळून ३० मीटर तारेचा रोध सुमारे १ ओहम झाला. ओहमच्या नियमाने वाटेत ३.५ व्होल्ट गळतात. दिव्याला मिळणारे विभवांतर उतरले की धाराही थोडी उतरते, त्यामुळे खरी गळती ३ व्होल्टच्या आसपास राहते. दिव्याला १२ ऐवजी ९ व्होल्ट मिळतात.

चौथा हिस्सा गेला, म्हणजे प्रकाशही चौथ्या हिश्श्याने कमी होईल काय? नाही. तंतू थंडावला की प्रकाश फार झपाट्याने घटतो. तंतूच्या दिव्याचा प्रकाश साधारणपणे विभवांतराच्या ३.४ व्या घाताच्या प्रमाणात असतो. ०.७५ चा ३.४ वा घात काढला तर ०.३८ येतो. प्रकाश निम्म्याहूनही कमी झाला! तोही पिवळट-लालसर. चालकाला वाटते दिवा लागलेला आहे. मागच्याला तो फार जवळ आल्यावर दिसतो.

तीच तार २.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर रोध पाचपटीने कमी होतो. गळती ०.७ व्होल्ट राहते आणि प्रकाश ८० टक्क्यांच्या वर टिकतो. तारेच्या किमतीतला फरक एका खेपेच्या डिझेलपुढे नगण्य आहे.

हल्ली एलईडी दिवे मिळतात. तेवढ्याच उजेडाला त्यांना बरीच कमी धारा लागते, म्हणून वाटेतील गळतीही त्या प्रमाणात घटते. हा मोठा फायदा आहे. पण गंजलेला हुक आणि तुटकी परतीची तार यांवर एलईडी हा उपाय नाही. परिपथ तुटला की तोही विझतो.

फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

‘बारा व्होल्टने काय होते?’ असे म्हणत फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी घालण्याची पद्धत आहे. ती घातक आहे. शॉक बसत नाही हे खरे, परंतु शिसे-आम्लाच्या बॅटरीचा अंतर्गत रोध अगदी अल्प असतो. इंजिन सुरू करताना ती शेकडो अँपिअर देते. ट्रॉलीची तार घासून तिचे तांबे सांगाड्याला टेकले, तर तशीच मोठी धारा त्या बारीक तारेतून धावते. उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. काही सेकंदांत तारेवरचे प्लॅस्टिक वितळते, आणि वर असते वाळलेले पाचट.

फ्यूज बल्बसाठी असतो असा समज आहे. खरे तर तो तारेच्या रक्षणासाठी असतो. म्हणून त्याची जागा बॅटरीजवळ हवी, म्हणजे पुढची सर्व तार त्याच्या पहाऱ्यात येते. त्याचे मापही तारेला सोसेल तेवढेच हवे.

ट्रॉलीत घर असेल तर

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. मोटारीमागे ओढायचे चाकांवरचे घर परदेशांत पूर्वीपासून आहे. त्याच्या मागच्या दिव्यांचे विज्ञान उसाच्या ट्रॉलीसारखेच असते. त्यात दोन गोष्टींची भर पडते.

पहिली, घराची स्वतःची बॅटरी. मुक्कामी असताना दिवे, पंखा, पाण्याचा पंप तिच्यावर चालतात आणि प्रवासात मोटारीच्या इंजिनावर ती भरून घेतात. शिसे-आम्लाची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरायला तिच्या टोकांवर सुमारे १४.४ व्होल्ट लागतात. लांब, बारीक तारेत एक व्होल्ट गळाला तर दिवसभर प्रवास करूनही ती अर्धवटच भरते. छतावर सौरपट्टी बसवली तर ही लांबलचक तार टळते.

दुसरी, २३० व्होल्टची जोडणी. मुक्कामाच्या ठिकाणी बाहेरून केबलने वीज घेतात. आता धातूचे घर रबरी टायरांवर उभे आहे. आत कोठेतरी विजेची तार सुटून पत्र्याला टेकली, तर सारा पत्रा २३० व्होल्टवर जातो आणि काहीच कळत नाही. जमिनीवर उभे राहून दाराला हात लावणारा माणूस परिपथ पूर्ण करतो. म्हणून इथे जमिनीपर्यंत जाणारी खरी अर्थची तार आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा ईएलसीबी अत्यावश्यक असतो. ‘अर्थ’ शब्दाचे दोन अर्थ वेगळे ठेवायचे ते यासाठी. कार्यक्रमात ट्रॉलीवर ध्वनिक्षेपक आणि रोषणाई चढवून जनरेटर जोडतात, तिथेही हाच धोका असतो.

वर्गात करून पाहा

प्रयोग १ : टॉर्चचे दोन घट एकसर जोडून (३ व्होल्ट) त्यावर २.५ व्होल्टचा टॉर्चचा बल्ब लावावा. मग मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून ३२ गेजची इनॅमल तार १० मीटर आणून, दोन्ही टोके खरवडून, परिपथात घालावी. हिचा रोध सुमारे ३ ओहम असतो. बल्ब किती मंदावतो ते पाहावे. तीच तार दुहेरी करून ५ मीटर लांबीची जाड तार बनवली तर काय होईल, ते आधी मुलांकडून वदवून घ्यावे आणि मग करावे. (लांबी निम्मी आणि जाडी दुप्पट, म्हणून रोध चौथा हिस्सा.)

प्रयोग २ : पत्र्याचे दोन तुकडे घ्यावेत. एक ‘ट्रॅक्टर’, दुसरा ‘ट्रॉली’. घटांचे ऋण टोक ट्रॅक्टरच्या पत्र्याला जोडावे आणि दोन्ही पत्रे एका तारेने जोडावेत. ट्रॉलीच्या पत्र्यावर दोन बल्बांची अंगे टेकवावीत, एक टेल आणि एक ब्रेक. ट्रॅक्टरच्या पत्र्यावर तिसरा बल्ब टेकवावा, हा ट्रॅक्टरचा टेलदिवा. दोन्ही टेल-बल्बांची खालची टोके एकमेकांना तारेने जोडावीत. आता घटांचे धन टोक ब्रेकच्या बल्बला द्यावे. फक्त तोच लागेल. मग पत्र्यांना जोडणारी तार काढावी. खोलीत अंधार केल्यास तिन्ही बल्ब अंधुक लालसर दिसतील. धारेची वाट मुलांनी बोटाने दाखवावी. इथे तिन्ही बल्ब सारखेच मंद का, आणि खऱ्या ट्रॉलीत ब्रेकचा तंतू काळा का राहतो, हे त्यांना विचारावे.

उदाहरण : कारखान्याच्या आवारात रांगेत उभ्या ट्रॅक्टरचे दोन आणि दोन ट्रॉल्यांचे चार, असे ५ वॅटचे सहा टेलदिवे इंजिन बंद ठेवून १० तास चालू राहिले. ७५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून किती वीज खर्च झाली? (३० वॅट म्हणजे २.५ अँपिअर. १० तासांत २५ अँपिअर-तास, म्हणजे तिसरा हिस्सा.) हेडलाइटही चालू राहिले असते तर सकाळी इंजिन सुरू झाले असते का, याचा विचार विद्यार्थ्यांनी करावा.

दोष शोधताना

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना मल्टिमीटर वापरता येत असेल तर एक सावधगिरी सांगावी. ट्रॉलीचा बल्ब काढून मीटर लावला, तर गंजलेल्या जोडणीतूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर जवळजवळ धारा घेतच नाही. धारा नाही तर गळती नाही. म्हणून बल्ब बसवून, ब्रेक दाबलेला ठेवून मोजमाप करावे. बॅटरीचे ऋण टोक आणि ट्रॉलीचा सांगाडा यांच्यामध्ये मीटर लावावा. अर्ध्या व्होल्टच्या आत दिसले तर परतीची वाट ठीक आहे. दोन-तीन व्होल्ट दिसले तर दोष तिथेच आहे. मीटर नसेल तर १२ व्होल्टच्या बल्बला दोन लांब तारा जोडून केलेला तपासदिवाही पुष्कळ काम देतो.

हंगामाच्या सुरुवातीला कारखाने, परिवहन विभाग आणि पोलीस ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा घेतात. रिफ्लेक्टरला वीज लागत नाही, म्हणून तो हवाच. पण तो मागच्या वाहनाच्या झोतावर अवलंबून असतो आणि चिखलाने माखला की निकामी होतो. दिवा स्वतःच्या बळावर दिसतो. दोन्ही असावेत, आणि दोन्ही उसाच्या टोकांआड जाणार नाहीत अशा जागी असावेत.

पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी किंवा शेजारी ट्रॅक्टर असतो. दिवाळीच्या सुटीत प्रत्येकाने एका ट्रॉलीची पाहणी करावी : पांढरी तार जोडलेली आहे का, तिची दोन्ही टोके खरवडून घट्ट बसवली आहेत का, तारेची जाडी किती, फ्यूज खरा आहे की तारेचा तुकडा, दोन्ही लाल दिवे ऊस भरल्यावर दिसतात का. पाहणी पालकांबरोबर आणि इंजिन बंद असताना करावी. सापडलेले दोष वहीत नोंदवून शाळा उघडल्यावर वर्गात मांडावेत. परतीची एक तार नीट जोडायला अर्धा तास लागतो, आणि गाळप सुरू होण्यापूर्वी तेवढा वेळ नक्की मिळतो.